टार

लिनक्सच्या पडद्यावर ‘टार’ ही आज्ञा दिली, की शेकडो फायलींची एक फाइल होते. नावाचा इंग्रजी ‘टार’शी, म्हणजे डांबराशी, संबंध नाही. ‘टेप आर्काइव्ह’चे हे आखडलेले रूप. डांबर नंतर चिकटले. अशा फायलीला ‘टारबॉल’, म्हणजे डांबराचा गोळा, म्हणणे ही प्रोग्रामरांची कोटी!

बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, १९७९ साली, टार आले. तेव्हा साठवण चुंबकीय फितीवर व्हायची. फीत सरळ पुढे वाचत जायची, म्हणून टारमध्ये सुरुवातीला अनुक्रमणिका नाही. प्रत्येक फायलीआधी ५१२ बाइटांची चिठ्ठी असते, तीत नाव, आकार, मालक. आज्ञेला अक्षरे जोडायची: ‘सी’ बांधायला, ‘एक्स’ सोडायला, ‘टी’ न सोडता आत डोकावायला. आणि ‘एफ’? टार मुळात फीतच शोधायचे. तिच्याऐवजी दुसरे नाव द्यायचे, तर ‘एफ’. फीत गेली, तरी बोटे ‘एफ’ टंकतातच.

‘आर्काइव्ह’चे मूळ ग्रीक ‘आर्खेइऑन’, म्हणजे अधिकाऱ्याची कचेरी. आपले ‘दफ्तर’ फारसीतून आले, पण तेही मागे ग्रीक ‘डिफ्थेरा’पर्यंत, म्हणजे कातड्यापर्यंत जाते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद फडक्यात बांधून ठेवतात. त्या गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. टारला मराठी नाव द्यायचेच, तर मी हेच देईन. कारण रुमालासारखे टारही फक्त बांधते, दाबत नाही. आकार घटवायचे काम जीझिपचे. त्यासाठी ‘झेड’ हे अक्षर वेगळे जोडावे लागते.