अजिंठ्याचा पिवळेपणा कोणाचा?

औरंगपुऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवरील अजिंठ्याच्या चित्रांच्या जुन्या रंगीत छायाचित्रांत जी पिवळसर झाक दिसते, ती बव्हंशी पाचव्या शतकातील चित्रकारांची नव्हे.

१९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. भिंतीपासून सुटू लागलेला गिलावा त्यांनी पक्का केला, हे श्रेय त्यांचेच. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळा पडला. निळ्यावर हिरवट छटा चढली, पांढरा मळकट झाला. तो उतरवण्याचे जिकिरीचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वाट्याला आले.

आज फोटोशॉपमध्ये ती झाक क्षणात उतरते. खरी अडचण त्यानंतरची: तिच्या जागी कोणते रंग आणावेत? अजिंठ्याची रंगसामग्री मोजकीच होती. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना आणि उत्तरकालीन लेण्यांत अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द. पडद्यावर खुलणारा भडक गुलाबी या सामग्रीतून निघत नाही. तो ठेवणे म्हणजे लाखेचा दुसरा थर देणे.

नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी या चित्रांच्या डिजिटल पुनरुज्जीवनाला अनेक वर्षे वाहिली आहेत. त्यांच्या प्रतिमा पाहताना पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची मूळ भिंतही शेजारी ठेवून पाहावी.