वड्याचे तेल वांग्यावर

संपाची तारीख नोंदली जाते, गिरणी बंद पडल्याचे साल नोंदले जाते. पण शेजारच्याने हत्यार दहाव्यांदा भलत्या जागी ठेवले म्हणून डोके का फिरले, हे कोणी लिहून ठेवत नाही. रोजची चिडचिड आपण स्वभावाच्या खात्यावर टाकतो आणि मोकळे होतो: अमका तापट, तमका कुजका, तिसऱ्याचे कोणाशी पटतच नाही. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे परवापर्यंतच्या औरंगाबादेत, कामाच्या जागा कशा बदलत गेल्या हे पाहिले की ही नोंद चुकीच्या खात्यावर पडली आहे असे मला वाटते. माणसे तापट असतातच, पण त्यांचा ताप कोणावर निघावा हे बरेचसे कामाची मांडणी ठरवते. ‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण आपण घरातल्या भांडणांना लावतो. कारखान्याच्या इतिहासाला ती जास्त लागू पडते. त्रास जिथून येतो ते ठिकाण काम करणाऱ्याच्या नजरेपासून जसजसे लांब गेले, तसतसा तो त्रास हाताशी असलेल्या सहकाऱ्यावर ओतला जाऊ लागला. सहकाऱ्याचे मन जपायचे तर आधी हे अंतर समजून घ्यावे लागते.

सुरुवात हिमरूच्या मागापासून करायला हवी. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला हलवली, तेव्हा विणकर त्याच्याबरोबर आले असे परंपरेने सांगितले जाते. पुढे मलिक अंबरने १६१० साली वसवलेल्या खडकीत आणि तिचेच औरंगाबाद झाल्यावर ही विणकरी फोफावली. सोन्याचांदीच्या तारांचा किनखाब दरबारी लोकांसाठी. सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून त्याच्याशी नाते सांगणारा हिमरू त्यांच्याहून कमी ऐपतीच्या हौशी माणसांसाठी. इथे महत्त्वाची आहे ती मागाची रचना. नक्षीचे कापड जुन्या मागावर एकट्याला विणताच येत नसे. विणकर खाली बसून धोटा फेकी आणि मागावर उंच बसलेला मदतनीस नक्षीप्रमाणे बांधलेल्या जाळ्याच्या दोऱ्या ओढून ताण्याचे नेमके धागे उचलून धरी. वरच्याने एक दोरी चुकवली की खालच्याची बुट्टी मोडे. खालच्याने घाई केली की वरच्याचे खांदे भरून येत. चिडायला दिवसातून शंभर निमित्ते होती. पण ज्याची चूक तो समोर होता, चूक दोघांच्या डोळ्यांपुढे होती आणि ती उसवायला दोघांनाही हात थांबवावे लागत. बोलणे हाच तिथे कामाचा भाग होता. नक्षी तोंडी सांगितल्याशिवाय कापड पुढे सरकत नसे.

याचा अर्थ जुना कारखाना सुखाचा होता असा नाही, आणि हा आक्षेप इथेच घेतलेला बरा. मागावर उंच बसणारा मदतनीस अनेकदा लहान मुलगा असे. विणकर कारखानदाराच्या उचलीत अडकलेला असे, आणि उचल फिटेपर्यंत माग सोडणे त्याच्या हातात नसे. धंदा कुळाने आणि जातीने ठरलेला. अशा जागेतल्या चार भिंतींच्या जवळिकीला आपुलकी म्हणणे अप्रामाणिक होईल. कित्येकदा तीच जवळीक गळ्याभोवतीचा फास असणार. माझे म्हणणे एवढेच, की त्या मागावर राग आणि रागाचे कारण यांच्यात अंतर नव्हते. उचलीचा जाच कारखानदाराचा, मोडलेल्या बुट्टीची चूक शेजाऱ्याची, हे काम करणाऱ्याला वेगवेगळे ओळखता येत होते. ही ओळख पुढे हरवली, आणि तिच्याबरोबर आणखी बरेच हरवले.

१८८९ साली औरंगाबादेत सूतकताई आणि कापड विणण्याची गिरणी उभी राहिली. तिच्यात ७०० माणसे कामाला होती. १९०० साली गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाल्यावर जिल्ह्यात सरकी काढण्याचे आणि रुईच्या गाठी बांधण्याचे कारखाने निघाले आणि १९०१ साली त्यांत १,०१६ लोक राबत होते. ती गिरणी आज मिल कॉर्नर या नावापुरती उरली आहे. कापडाची गिरणी कुठलीही असो, काम खात्यांत वाटलेले असते. कताईखात्यात सूत कच्चे निघाले तर ते साचेखात्यात तुटते. तिथला विणकर कापडाच्या मापावर मजुरी मिळवणारा. तुटलेला धागा जोडण्यात त्याचा वेळ जातो, म्हणजे पैसा जातो, आणि कापडात दोष राहिला तर भुर्दंडही त्याच्याच माथी. मुंबईच्या गिरण्यांत तर खराब निघालेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेत. दंडाला मर्यादा घालणारा पगारवाटपाचा कायदा १९३६ साली झाला, त्यातही रुपयामागे अर्धा आणा कापण्याची मुभा राहिली. शिवाय तो ब्रिटिश हद्दीचा कायदा, निजामाच्या मुलखाला तो लागू नव्हता. कच्चे सूत कोणी काढले, कापूस हलका कोणी घेतला, हे साच्यावरच्या माणसाला दिसण्याची सोयच नव्हती. दिसे तो शेजारचा साचेवाला आणि डोक्यावरचा जॉबर.

जॉबर ही मोठी अवघड व्यक्ती आहे, आणि तिला नुसते खलनायक ठरवून हा इतिहास कळणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणूस कामाला लावणे, काढणे, रजा देणे हे त्याच्या हाती, आणि त्यासाठी तो दस्तुरी घेई. पण अडीनडीला उसने पैसे देणारा, खोली मिळवून देणारा, भांडण मिटवणारा अनेकदा तोच असे. कारण खात्यात माणसे टिकली नाहीत तर त्याचीही किंमत उरत नसे. जाच आणि आधार एकाच माणसात गुंतलेले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले, तेव्हा मनमानी करणाऱ्याच्या मर्जीतून आधाराचा भाग सोडवून तो नियमात आणण्याची ती खटपट होती, असे मी मानतो. खटपट चांगली होती. मात्र जॉबरला कामगाराचे घर माहीत असे. अधिकाऱ्याला त्याची फाइल माहीत असते, ही उणीव नंतर भरून निघाली नाही.

गिरणीतल्या माणसांनी स्वतः काय मागितले होते, ही या विषयातली सर्वांत बोलकी साक्ष आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात आठवड्याची सुट्टी होती, वेळेवर पगार होता, अपघातात जायबंदी झालेल्याला पगार होता, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली, आणि तेवढीच आपल्या लक्षात राहिली. मला त्या अर्ध्या तासाचे मोल वेगळे वाटते. सुट्टीचा दिवस माणूस घरच्यांना देतो. दुपारचा अर्धा तास तो सोबत काम करणाऱ्यांना देतो. यंत्राच्या खडखडाटात शेजाऱ्याशी बोलता येत नाही, पण डबा उघडल्यावर येते. सूत कच्चे येते आहे ही तक्रार एकाची नसून ओळीतल्या सगळ्यांची आहे, हे तिथे कळते. कोणाचा डबा दोन दिवस आला नाही, कोण आणलेला डबा न खाता झाकून ठेवतो, हेही तिथेच दिसते. १९४८ च्या कायद्यात पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, १५० हून अधिक कामगार असतील तर जेवणाची आणि विसाव्याची खोली हवी, २५० हून अधिक असतील तर कँटीन हवी, अशी कलमे आली. ती आरोग्याची कलमे म्हणून वाचली जातात. मनाच्या आरोग्याची म्हणूनही ती वाचायला हवीत.

मराठवाड्यात हे सगळे मोठ्या प्रमाणावर आले ते औद्योगिक वसाहतींबरोबर. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. रेल्वे स्टेशनजवळ, चिकलठाण्याला आणि मग वाळूजला कारखाने उभे राहिले. १९८५ साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि शहराच्या पश्चिमेचे रूप पालटले. जालना, बीड, परभणीच्या कोरडवाहू गावांतली पोरे पाळीत काम करायला शिकली. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी इथल्या भाड्याच्या खोल्यांत एकाच तालुक्याचे चार-पाच जण एकत्र राहू लागले. खोली एक, बस एक, भिशी एक. सहकाऱ्याला आधार द्यावा असे त्यांना कोणी शिकवले नव्हते. गावाकडून निरोप आला की पाळी बदलून देणारा शेजारच्या खाटेवरच असे. याच काळात आणि पुढे ज्या गोष्टीने ही वीण सैल केली ती म्हणजे कंत्राटी आणि शिकाऊ कामगारांची वाढती संख्या. एकाच लाइनवर एकाच पान्याने तेच बोल्ट आवळणारे दोघे. एक कायम, दुसऱ्याचे नाव ठेकेदाराच्या यादीत. पगार वेगळा, रजा वेगळी, आणि पुढच्या महिन्यात इथे असू की नाही याची खात्री एकालाच. दुसऱ्याला वाटते, हा बसून खातो. पहिल्याला वाटते, हा स्वस्तात राबून माझी जागा घालवणार. हा फरक त्या दोघांपैकी कोणीच केलेला नाही, पण तो करणारा लाइनवर दिसत नाही. वांगे मात्र जवळच असते.

मांडणी बदलली तर माणसांचे वागणे बदलते, याचा पुरावा आपल्याच देशातल्या गिरणीत आहे. १९५३ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. नवे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन वाढत नव्हते. प्रत्येक कामगाराला एकच तुकडा वाटून दिला होता, कोण कोणाबरोबर काम करतो हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. राइस यांनी सुचवले, की ६४ मागांचा एक संच सात जणांच्या एका गटाकडे सोपवावा. कल्पना पुढे येताच कामगारांनी आणि देखरेख करणाऱ्यांनी ती उचलली आणि गटात कोण असावे हे कामगारांनी आपसांत ठरवले. सुरुवातीचे चढउतार सरल्यावर उत्पादन वाढले, खराब कापड कमी झाले. माणसे तीच, माग तेच, स्वभावही तेच. बदलले ते एवढेच, की धागा का तुटला हे आता सातांपैकी कोणी ना कोणी पाहिलेले असे.

यावर कारखाना चालवणारा म्हणेल, गप्पांनी काम होत नाही, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. सगळ्याच गप्पा आधार नसतात. कुजबुज, टोमणे, एकाला वाळीत टाकणे हेही डब्याच्या वेळीच घडते, आणि बाईमाणसाला किंवा वेगळ्या जातीच्या माणसाला तो अर्धा तास सर्वांत जड जाऊ शकतो. म्हणून एकत्र बसण्याच्या वेळेबरोबर तक्रार ऐकणारी, बाहेरच्या व्यक्तीचा समावेश असलेली समिती लागते; लैंगिक छळाच्या बाबतीत २०१३ च्या कायद्याने ती दिली आहे. पण कुजबुज टाळायला वेळच काढून घेतला तर कुजबुज थांबत नाही, फक्त समोरासमोरचे बोलणे थांबते. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: नैराश्य हा आजार आहे, शेजाऱ्याच्या समजुतीने तो बरा होत नाही. हे पूर्ण खरे आहे, आणि ‘मन घट्ट कर’ एवढेच सांगणाऱ्या सहकाऱ्याने कित्येकांचे उपचार लांबवले आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला, १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक सुरू आहे. पण शहरातल्या घाटी या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागापर्यंत माणूस पोहोचायचा तर आधी कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते की तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. घरच्यांना तो रात्रपाळी करून झोपलेला दिसतो. आठ तास शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच त्याचा हात मंदावल्याचे कळते. मग त्याच्याबरोबर दवाखान्यात जायला एक दिवस हवा, आणि ठेकेदाराच्या यादीतल्या माणसाचा तो दिवस म्हणजे एक दिवसाची मजुरी. सल्ला देणाऱ्या भित्तिपत्रकावर हा खर्च कधी लिहिलेला नसतो. मला तो आधी लिहिलेला हवा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली दिवसाची कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली, आणि त्याबरोबर विश्रांतीचा अर्धा तास पाच तासांनंतर मिळत होता तो सहा तासांनंतर देण्यासही. बारा तासांवर चर्चा झाली, आणि व्हायलाच हवी होती. त्या सरकलेल्या अर्ध्या तासाबद्दल फारसे कोणी बोलले नाही. लाइनवर पाचवा तास संपताना हात सर्वांत जास्त चुकतो की सहावा, हे वाळूजच्या कुठल्याही पाळीत उभ्या असलेल्या माणसाला विचारता आले असते. आणि ती चूक त्या एका तासात कोणाच्या अंगावर फुटते, हेही त्याने सांगितले असते.