तीन खंडांत विखुरलेली एक उन्हाळी सहल

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर चाळीसेक किलोमीटरचं. मे महिन्यात मुंबईहून निघणारा माणूस मोबाईलवर रस्ता टाकतो, महाडला चहा, पोलादपूरला जेवण आणि मग आंबेनळी घाट असा बेत करतो. जरा हौशी असेल तर पुढे तापोळा, कोयना अभयारण्य आणि खाली चांदोली राष्ट्रीय उद्यान. तीन-चार दिवसांचा मामला. हा बेत कुणी जपून ठेवत नाही. पण दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचे असेच बेत आज आपल्या कामाचे आहेत. संशोधनाची तयारी करताना आपण 'साधनं' म्हटलं की लगेच करार, हुकूम, जमाखर्च यांच्याकडे धावतो. मी मुळात विज्ञान शाखेतला, त्यामुळे मला तर सुरुवातीला आकड्यांची कोष्टकं सोडून काही साधन वाटायचंच नाही. प्रवासाचा बेत मात्र एक वेगळीच गोष्ट सांगतो: निघणाऱ्याने काय काय गृहीत धरलं होतं ते.

आधी जुना बेत पाहू. 1829 मध्ये साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज आणि कंपनी सरकार यांच्यात करार होऊन महाबळेश्वरची जागा इंग्रजांकडे गेली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने तिथे माल्कम पेठ वसली. मुंबईच्या साहेबाला एप्रिलमध्ये तिथे पोचायचं तर मार्ग बराचसा पाण्यातून होता. बोटीने बाणकोट, तिथून सावित्रीच्या खाडीतून भरती साधून महाड. महाडपासून पालखी किंवा घोडा. पोलादपूर, मग प्रतापगडाच्या पायथ्याचं पार गाव आणि शेवटी रडतोंडीचा घाट. नाव ऐकूनच चढ कसा असेल ते कळतं. हा घाट जिथे वर येतो त्या बाजूचा पॉइंट 'बॉम्बे पॉइंट'. मुंबईचा जुना रस्ता तिथून जायचा, म्हणून ते नाव. आज तिथे सूर्यास्त बघायला गर्दी होते. रस्ता विसरला गेला, नाव राहिलं.

आता गंमत बघा. हा एक प्रवास शोधायला तुम्ही मुंबई इलाख्याचं गॅझेटियर उघडलंत, तर तो एका जागी सापडणार नाही. बाणकोट रत्नागिरीच्या खंडात (1880), महाड कुलाब्याच्या (1883), महाबळेश्वर साताऱ्याच्या (1885). खंड जिल्ह्यांप्रमाणे रचलेत, आणि माणूस काही जिल्ह्यांप्रमाणे प्रवास करत नाही. आपल्यातले बरेच जण 'माझा विषय रायगड' म्हणून कुलाब्याचा एकच खंड वाचून थांबतात. महाडचा इतिहास अर्धा घाटावर आणि अर्धा खाडीत आहे, तो मग हातून जातो. शब्दशोध करताना आणखी एक अडचण येते. रडतोंडीचं इंग्रजीत 'रोटंडा' झालंय. वाचणाऱ्याला वाटावं, घाटात एखादी गोल घुमटाची इमारत असेल. नावांची अशी सगळी रूपं आधी एका वहीत उतरवून घ्या, मगच शोधायला बसा.

बेतात सगळ्यात कमी काय लिहिलेलं असतं? माणसं. पालखीचा प्रवास म्हणजे टप्प्याटप्प्यावर भोई आधीच उभे करावे लागत, त्याला डाक लावणं म्हणत. सामानाला हमाल, घोड्याला चंदी, हे सगळं गावोगावी आगाऊ निरोप देऊन. म्हणजे साहेबाच्या बेतातल्या 'पहाटे निघणे' या दोन शब्दांमागे पोलादपूरच्या आसपासची किती घरं त्या रात्री जागी असतील! त्यांची नावं प्रवासपुस्तिकेत येत नाहीत. वरच्या रस्त्यांचंही तसंच. महाबळेश्वरला मलाक्का-सिंगापूरकडून पाठवलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते. तिथल्या रस्त्यांवर त्यांचे श्रम आहेत आणि भाजीचे मळेही त्यांनी पिकवले. उन्हाळी पाहुण्याच्या ताटातला बटाटा असा समुद्रापलीकडून आलेल्या शिक्षेशी जोडलेला होता.

बेताची दुसरी बाजू म्हणजे तारीख. महाबळेश्वरचा हंगाम एप्रिल-मेचा, पहिल्या मोठ्या पावसाआधी खाली उतरायचं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बंगल्यांना पावसाळ्याआधी गवताने शाकारून झाकायचे. सरकारही उन्हाळ्यात वर आणि पावसाळ्यात पुण्याला जायचं. त्यामुळे त्या काळच्या पत्रांवर तारीख पुसट असली तरी लिहिण्याचं ठिकाण पाहून महिन्याचा साधारण अंदाज बांधता येतो. (ही युक्ती मला फार आवडते, पण पुराव्याला तेवढीच पुरेशी नाही.)

1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि बेत बदलला. मुंबई ते पुणे आगगाडी, पुढे वाई, पसरणी घाट, पाचगणी. महाड आडबाजूला पडलं. नंतर आंबेनळीचा गाडीरस्ता झाला, त्याला 1867 ते 1872 या काळातले गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड यांचं नाव होतं. त्यांची कारकीर्द संपली त्याच 1872 साली अमेरिकेत यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तिथे 1915 पासून खाजगी मोटारींना आत सोडू लागले, आणि उन्हाळ्यात मोटारीने उद्यानं बघत फिरणं ही तिकडे रीतच झाली. आपल्याकडे क्रम उलटा आहे. आधी बाजाराचा आणि हवा खाण्याचा घाटरस्ता, उद्यानं फार नंतर. कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं 1985 ची, चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 2004 मध्ये, दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये.

याच वाटेवरचा एक बेत मात्र हवापालटाचा नव्हता. मुक्कामाच्या गावात पाणी मिळेल हे कुठलाही प्रवासी धरूनच चालतो. महाडात ते कुणाला धरून चालता येत नव्हतं, हे 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर जगाने पाहिलं. नगरपालिकेने 1924 मध्येच तळं खुलं केल्याचा ठराव केला होता, तो कागदावर होता. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी डॉ. आंबेडकर आणि सोबतचे प्रतिनिधी मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरमार्गे मोटारबसने येणं सोपं होतं. पण बसवाले नेणार नव्हते. मग 'पद्मावती' बोटीने दासगाव आणि तिथून पायी महाड. म्हणजे साहेबांनी सोडून दिलेला खाडीचा रस्ता इथे निवडावा लागला. नुसता नकाशा पाहून हे कारण कळणार नाही. कोण कुठल्या मार्गाने गेलं याबरोबर कुठला मार्ग त्याला बंद होता, हेही विचारावं लागतं.

आजच्या बेतालाही हाच प्रश्न लावून बघा. तापोळ्याला बोटीत बसून आपण शिवसागराचे फोटो काढतो, त्या पाण्याखाली कोयना खोऱ्यातली गावं आहेत. चांदोलीत जंगल दाट दिसतं, तिथूनही गावं उठवलेली आहेत. आणि आंबेनळी घाट पावसात काय करतो, हे पोलादपूरकरांना सांगायला नको. 28 जुलै 2018 ला दापोलीहून महाबळेश्वरला सहलीला निघालेली बस याच घाटात दरीत कोसळली, एक सोडून सगळे गेले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला. जुलै 2021 मध्ये तळिये गावावर दरड आली, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून माणसं गेली. 'पहिल्या पावसाआधी उतरणे' ही जुन्या बेतातली ओळ मला त्यामुळे साहेबी नखरा वाटत नाही.

या पट्ट्यावर प्रबंध करायचा विचार असेल तर तिन्ही खंडांतलं महाड, बाणकोट आणि महाबळेश्वर आधी शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग पोलादपूरच्या आठवडी बाजारात सत्तरी ओलांडलेल्या माणसांना भेटा. त्यांना 'इतिहास सांगा' म्हणू नका, गप्प बसतील. वर कुठल्या महिन्यात जायचात, डोक्यावर काय घेऊन जायचात आणि येताना काय आणायचात, एवढं विचारा.