कृश लोरिस

प्राइमेट (नरवानर) गणातील लोरिसिडी कुलाचा लहान निशाचर प्राणी. पुष्कळांना हा माकडाचे पिल्लू वाटतो, परंतु तो माकडांपेक्षा प्राचीन अशा निराळ्या शाखेतील आहे. डोक्यासह शरीराची लांबी सु. २०–२५ सेंमी. असून शेपूट बाहेरून दिसत नाही. पश्चिम घाटातील पर्जन्यवनात राहणाऱ्या मलबारी उपजातीचे वजन जेमतेम २०० ग्रॅ. भरते. हातपाय काटकुळे, अंगावर तांबूस झाक व डोळ्यांभोवती गडद वलये असतात. ही उपजाती केरळ, कर्नाटक व गोवा येथील दमट वनांत आढळते.

लिनीअस यांनी १७५८ मध्ये श्रीलंकेतील लोरिसाचे वर्णन लेमूर टार्डिग्रेडस या नावाने केले. टार्डिग्रेडस म्हणजे मंदगती. १७९६ मध्ये झ्योफ्र्वा यांनी लोरिस हा वंश स्थापिला. भारतातील करड्या रूपाला काब्रेरा यांनी १९०८ मध्ये लिडेकेरिॲनस हे नाव दिले. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तीत दक्षिण कूर्गमधील कुट्टा येथे मिळालेल्या नमुन्यावरून रॉटन यांनी १९१७ मध्ये मलबारी रूपाचे वर्णन केले. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील निवृत्त अधिकारी होते. पुढे या सर्व रूपांना एकाच जातीच्या उपजाती मानण्यात आले. १९९८ मध्ये ग्रोव्हज यांनी श्रीलंकेतील तांबडी व भारत-श्रीलंकेतील करडी जाती वेगळ्या केल्या.

हा सारा इतिहास बहुतांशी कातडी व कवट्यांचा आहे. जिवंत प्राणी रात्रीच्या अंधारात असल्याने त्याच्या सवयींविषयी तर्कच अधिक होते. तो मंद व एकलकोंडा असल्याची समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीस तमिळनाडूत झालेल्या क्षेत्रीय अभ्यासांनी खोडून काढली. लोरिस दिवसा गटाने झोपतात, एकमेकांची अंगे चाटून स्वच्छ करतात आणि गरज पडल्यास चपळाईने पळतात. मुख्य अन्न कीटक असून मुंग्या व इतरांना नकोसे वाटणारे दंश करणारे कीटकही ते खातात. मात्र हे अभ्यास मुख्यतः कोरड्या वनांतील असून पर्जन्यवनातील रूपास ते तसेच्या तसे लावणे धोक्याचे आहे.

डोळ्यांचे औषध, वशीकरण व जादूटोणा यांसाठी दक्षिण भारतात त्याची हत्या होत आली आहे. जमिनीवर न उतरता फांद्यांवरून वावरणाऱ्या या प्राण्याला वनातून काढलेला रस्ताही अडथळा ठरतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये तमिळनाडूत कडवूर येथे ११,८०६ हेक्टरांचे लोरिस अभयारण्य घोषित झाले. ते भारतातील पहिले होय. पण तेथील लोरिस कोरड्या वनातील करड्या उपजातीचे आहेत.