उत्तर करेलिया प्रकल्प
फिनलंडच्या पूर्व सीमेवरील उत्तर करेलिया प्रांतात १९७२ ते १९९७ या काळात लोकशिक्षणाच्या मार्गाने राबवलेला हृदयविकार-प्रतिबंधक प्रकल्प. १९६०च्या दशकात मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने दगावण्याचे प्रमाण पूर्व फिनलंडमध्ये जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. प्रांत लाकूडतोड आणि दुग्धव्यवसायावर जगणारा. पावावर लोण्याचा जाड थर, सायीसकट दूध, भरपूर मीठ, ताटात भाजी नावापुरती आणि सुमारे निम्मे पुरुष धूम्रपान करणारे. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनीच सरकारकडे मदत मागितली. उपक्रम वरून लादलेला नव्हता, ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू. नेतृत्व तिशीही न गाठलेल्या डॉ. पेक्का पुस्का यांच्याकडे आले.

कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान कमी करणे ही उद्दिष्टे होती. पत्रके, वर्तमानपत्रे, आरोग्यकेंद्रांतील सल्ला हे सारे झालेच. पण नुसत्या माहितीने सवय सुटत नाही. म्हणून गावात ज्यांच्या शब्दाला मान होता अशा सामान्य माणसांना प्रशिक्षण दिले गेले. मार्था या गृहिणींच्या जुन्या संघटनेने गावोगाव ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवल्या. नेहमीच्याच पदार्थांतली चरबी आणि मीठ कमी करायचे, भाज्या वाढवायच्या, तिथेच रांधायचे आणि सगळ्यांनी मिळून जेवायचे. चव पटली की ती कृती घरच्या चुलीपर्यंत पोहोचे. १९७८ पासून दूरचित्रवाणीवर धूम्रपान सोडण्याचे कार्यक्रम झाले; शाळांत तंबाखूला नकार कसा द्यावा हे शिकवताना मुलांच्याच बरोबरीच्या विद्यार्थ्यांची मदत घेतली गेली.

लोण्याविरुद्धचा प्रचार दूधउत्पादकांच्या पोटावर येणारा होता आणि त्यांचा विरोध स्वाभाविक होता. पुढे त्यांना पर्याय म्हणून स्थानिक बेरीफळांच्या लागवडीला उत्तेजन मिळाले, देशात रेपसीड तेलाचा वापर वाढला, कमी स्निग्धांशाचे दूध दुकानांत आले. शिकवलेले आचरणात आणणे त्यामुळे सोपे झाले. १९७७ नंतर हे काम देशभर विस्तारले.

३५ ते ६४ वयोगटातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू चार दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटले. मात्र तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मोठी घट झाल्याने प्रकल्पाचा नेमका वाटा किती, यावर मतभेद आहेत. उपचारांतील सुधारणेचाही त्यात भाग आहे; तरी घटीचा मोठा हिस्सा जोखीम-घटक कमी झाल्याने साधला, असे विश्लेषणांत आढळले. २००७ ते २०१२ दरम्यान फिनलंडमध्ये सरासरी कोलेस्टेरॉल पुन्हा किंचित वाढल्याचे नोंदले गेले.