शाळेच्या भिंतीतला इतिहास

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग ओलांडले की सुमारे आठ किलोमीटरवर जळकोट लागते. (हे तुळजापूर तालुक्यातले जळकोट, लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव वेगळे.) १३ सप्टेंबर १९४८ रोजी बोरी नदीवरचा पूल हाती आल्यावर भारतीय सैन्याची चिलखती तुकडी सकाळी नऊच्या सुमारास या गावात पोचली. चार दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. या भागातील सरकारी प्राथमिक शाळेचा इतिहास समजून घ्यायचा तर या दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. पहिलीने शाळेचा कारभार बदलला, दुसरीने इमारतींची परीक्षा घेतली.

दप्तरातला इतिहास

हैदराबाद संस्थानात मराठी मुलांचे शिक्षण वरच्या इयत्तांत उर्दूतून होई. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या काळातील सरकारी कागदपत्रांत फसली सन आढळतो. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे १३५७ फसली हे १९४७-४८ चे वर्ष झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या.

हे सारे दप्तरात सापडते. जनरल रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याची जन्मतारीख असते, शेरेबुकात तपासणी अधिकाऱ्याचा शेरा असतो. पण वर्गाची भिंत कशाने बांधली आहे, हे त्यांत शोधून सापडायचे नाही. त्यासाठी भिंतच वाचावी लागते.

दगड तोच, बांधणी वेगळी

हा सारा प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाचा. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल याच दगडाचा आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये, तो बांधला गेला. घडीव दगडांचे हे बांधकाम चार शतके बोरीच्या पाण्याचा मार सोसत उभे आहे.

गावातल्या जुन्या भिंतीही त्याच दगडाच्या, पण ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या. अशी भिंत बाहेरून जाड आणि भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती दोन पातळ भिंतींची जोडी असते. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि माती भरलेली असते. दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड घातले नसतील, तर हादऱ्याने दोन्ही पापुद्रे अलग होतात आणि भिंत फुगून ढासळते.

तिच्यावर माळवद. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर गावच्या पांढरीची माती. उन्हाळ्यात खोली गार राहते, म्हणून ही रचना लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. गळती थांबवण्यासाठी वरचेवर मातीचा नवा थर चढतो आणि ओझे वाढते. ५ मीटर × ६ मीटर खोलीवर अर्धा मीटर माती असेल, तर ती झाली १५ घनमीटर. घनमीटरला १.६ टन धरले तरी वजन २४ टन! बल = वस्तुमान × त्वरण हे सूत्र आपण नववीत शिकवतो. जमीन हलली की छत जितके जड, तितके त्याच्यावरचे बल मोठे.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे

१९९३ च्या भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने ही फार नव्हे. तरीही लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. नाभी उथळ होती, माणसे झोपेत होती आणि वर माती-दगडाचे छत होते. ज्या घरांत माळवदाचा भार भिंतींऐवजी लाकडी खांबांवर होता, तेथे भिंती पडूनही अनेक ठिकाणी छत उभे राहिले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, तेथे शाळाही नव्याने उभ्या राहिल्या.

त्या वेळी शाळा रिकाम्या होत्या. ८ ऑक्टोबर २००५ रोजी मुझफ्फराबाद परिसरात भूकंप झाला तो सकाळी, शाळा भरलेल्या असताना. हजारो मुले वर्गातच दगावली. आपल्याकडे वाचवले ते घड्याळाने, इमारतींनी नव्हे. ही गोष्ट शिक्षकाने विसरता कामा नये.

गाडीच्या चाकाची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकाचे तुकडे कशाने एकत्र राहतात? लोखंडी धावेने. भूकंपरोधक पट्टा हेच काम करतो. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचा काँक्रीट पट्टा चारही भिंतींवरून अखंड फिरवला, की खोली एखाद्या पेटीसारखी एकसंध हलते. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरले, तर दोन पापुद्रे जोडले जातात. याला खर्च फार येत नाही, पण देखरेख लागते.

किल्लारी परिसर पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जाई. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या पट्ट्यात घेतला गेला. त्याआधी बांधलेल्या खोल्या मात्र जुन्याच समजुतीवर उभ्या आहेत.

आपली शाळा वाचू या

प्राथमिक शाळेच्या खोल्या बहुधा एकदम होत नाहीत. एक खोली जुनी दगडी, दुसरी १९८७ नंतरच्या खडू-फळा मोहिमेतली, तिसरी सर्व शिक्षा अभियानातली. विद्यार्थ्यांना घेऊन प्रत्येक खोलीची नोंद करा : बांधकामाचे वर्ष, भिंतीची जाडी, दगड सांधणारा माल, छताचा प्रकार, पट्टा आहे की नाही, कोपऱ्यांत उभे तडे आहेत का. गावातल्या वृद्ध गवंड्याला वर्गात बोलवा. छताचे वजन मुलांना काढू द्या. तयार झालेला नकाशा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा आणि त्याची एक प्रत जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला पाठवा. शेरेबुकात आजवर नसलेले ते पान तुमच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेले असेल.