फावडं आणि रायफल

सध्या पोस्टिंग दिल्लीत. सकाळी पळत इंडिया गेटला जातो, दम घेताना कमानीवरची नावं वाचतो. एकदा तिथे १०७ पायोनियर्सची, फ्रान्समध्ये पडलेली माणसं शोधत होतो. सापडली नाहीत.

पायोनियर म्हणजे पायदळाचाच शिपाई, पण रायफलीसोबत कुदळ-फावडं वागवणारा. रस्ते, खंदक, काटेरी तारा ही त्याची कामं. वेळ आली की लढाईही. १७८८ साली मुंबई लष्करात उभी राहिलेली ही पलटण १९०० साली पायोनियर झाली. १९०३ मध्ये तिला १०७ हा आकडा मिळाला. १९१४ साली ती मेरठ डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेली. मेरठ इथून हाकेच्या अंतरावर. तिकडच्या सपाट मुलखात थोडं खणलं की पाणी लागे. मग मातीची पोती रचून बांध घालायचे, तेही रात्री, गोळीबारात. १० मार्च १९१५ ला न्यूव्ह शापेलची लढाई झाली.

१९३३ साली सरकारने पायोनियर पलटणी मोडल्या.

इंडिया गेटवरची बहुतेक नावं वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातली आहेत. फ्रान्समध्ये ज्यांना कबर वा चिता लाभल्याची नोंद नाही, ते न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर आहेत. तिथे ४,७०० हून अधिक नावं आहेत.

आमच्या पलटणीचा रेझिंग डे थाटात होतो. मोडलेल्या पलटणीचा कोण करणार? तुमच्या घरी पणजोबांचं पदक असेल, तर त्याच्या कडेवर कोरलेलं पलटणीचं नाव एकदा वाचून पाहा.